पालथ्या फाटकावरची अक्षरं

कांकान गावात ज्याच्या घराला लोखंडी फाटक आहे, त्याने ते बहुधा फामोरो कांतेकडूनच करून घेतलेलं असतं. फामोरोचा बाप ऐरणीवर कुदळी घडवायचा. फामोरोने वेल्डिंग शिकून घेतलं, पण लोहाराचा तो लोहारच राहिला आणि त्यात त्याला भूषणच वाटायचं. शाळांची, कचेऱ्यांची, दवाखान्यांची नावं त्याने पट्ट्या वाकवून फाटकांवर बसवली होती. सगळी फ्रेंच. त्यातलं एकही त्याला वाचता येत नव्हतं. कुणीतरी खडूने जमिनीवर काढून द्यायचं आणि तो वेलबुट्टी उतरवावी तसं ते लोखंडात उतरवायचा.

पन्नाशी उलटल्यावर तो मशिदीमागच्या अंगणात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन बसू लागला. एक जडीबुटीवाला तिथे एन्को शिकवायचा. ही लिपी त्यांच्या मानिंकासारख्या बोलींसाठीच घडवलेली. उजवीकडून डावीकडे चालते आणि सूर चढला की उतरला, ते अक्षराच्या डोक्यावर खूण करून सांगते. फ्रेंच अक्षरांत मानिंका लिहिली की ती सपाट होते, परक्याने बोलल्यासारखी. इथे फळ्यावरचं पहिलं वाक्य फामोरोने वाचलं आणि ते त्याची आई बोलायची तसंच कानात उतरलं. त्या दिवशी घरी येऊन तो जेवलासुद्धा नाही. बायकोला वाटलं, ताप आला.

म्हणून शिया नावाच्या रानझाडाच्या बियांचं लोणी काढणाऱ्या बायकांनी स्वतःच्या पैशाने कारखाना उभारला आणि त्यांची म्होरकी सारान केइता फाटकाचं काम घेऊन आली, तेव्हा ती खाली बसायच्या आतच फामोरो बोलला.

"नाव आपल्या अक्षरांत टाकू, सारानताई. तुमच्यातल्या निम्म्याजणी वर्गाला येतात."

"मला चालेल. लान्सानाकाकांना विचार."

लान्साना काबा म्हणजे मोहल्ल्याचे प्रमुख, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी फ्रेंच पाटी रंगवून तयारही ठेवली होती. "कागदावर ठीक आहे रे," ते म्हणाले. "लोखंडात ते ठिपके-बिपके कोण वाचणार? निदान डोक्यावरच्या खुणा तरी गाळ."

"खुणा गाळल्या तर ती मानिंका कसली, काका? नाक कापून माणूस दारात उभा करायचा का?"

"बरं, कर. पण शुक्रवारी नमाजानंतर बायका येतील, त्यांना ते घडाघडा वाचता आलं पाहिजे. नाहीतर माझी पाटी लागेल, आणि मग या गावात कुणी ती अक्षरं फाटकावर चढवायचं नाव काढणार नाही."

फामोरोने हे कबूल केलं. शब्द दिला तो चारचौघांत.

वेल्डिंगचे डाग मागच्या बाजूला राहावेत म्हणून तो फाटक पालथं टाकूनच नाव बसवायचा. तसंच त्याने याही वेळी केलं. अक्षरं कापून तयार होती, खुणांसाठी सळीचे तुकडे घासून ठेवले होते. तो उजव्या हाताच्या टोकापासून निघाला. पालथ्या फाटकावर फ्रेंच नाव उजवीकडूनच सुरू करावं लागायचं, हाताला सवय तीच होती, आणि एन्को उजवीकडूनच सुरू होते हे डोकंही सांगत होतं. हात आणि डोकं इतकं एकमताचं असल्यावर शंका कुठून येणार?

गुरुवारी दुपारी दालांदा दियालो दही विकत आली. ती फुला, गुराख्यांच्या जातीची. लोहार आणि फुला यांचं नातंच थट्टेचं. एकमेकांना वाटेल ते बोलायचं, गुलाम म्हणायचं, आणि राग धरायचा नाही. राग धरणाराच हलका ठरतो.

"काय गं दूधचोर, आज पाणी किती घातलंस?"

"गुलामाला पुरेल इतकं." दालांदा फाटकाभोवती फिरली. "आणि हे काय? उलटं चालतंय की तुझं नाव."

"तुला काय कळतंय एन्कोतलं?"

खरंच कळत नव्हतं. तिला अदलम यायची, तिच्या पुलार भाषेची लिपी. अक्षरं वेगळी, पण चाल तीच, उजवीकडून.

"अरे लोहारड्या, सुरुवात कुठे केलीस? इकडे उजवीकडे ना? मग फाटक उभं केल्यावर हे टोक डावीकडे जाईल."

"तुझ्या गाईने सांगितलं वाटतं," म्हणत फामोरो हसला आणि पुढचं अक्षर लावू लागला. फुला लोहाराच्या कामाला बरं म्हणाली, असं कधी घडलं होतं?

दालांदा थांबली. दही ठेवायच्या पोकळ, वाळक्या भोपळ्यावरचं गवती झाकण तिने काढलं. त्यावर तिने स्वतःचं नाव विणलं होतं. ते त्याच्यापुढे धरून ती हळू आवाजात म्हणाली, "कांते, मी थट्टा करत नाही."

आडनावाने, मानाने, तिने त्याला उभ्या आयुष्यात हाक मारली नव्हती. फामोरोच्या हातातून चिमटा पडला. "घरी कुणी गेलं का गं?"

"कुणी गेलं नाही. हे बघ." तिने झाकण पालथं केलं. आतल्या बाजूने नावाची सुरुवात डावीकडे आली होती. "माझं पहिलं झाकण आतल्या बाजूने विणताना असंच वाया गेलं."

फामोरोने झाकणाकडे पाहिलं, मग फाटकाकडे. मग त्याने ग्राइंडर उचलला आणि पहिल्याच अक्षराचे टाके तोडले. दालांदा दही विकायला गेलीच नाही. तो एकेक अक्षर तोडायचा, ती ते उचलून दुसऱ्या टोकाकडून ओळीने मांडायची. खुणांच्या सळ्या मात्र त्याने तिला लावू दिल्या नाहीत. शेवटची खूण जोडून त्याने जनरेटर बंद केला तेव्हा सूर्य बुडाला होता आणि दही आंबट होऊन गेलं होतं.

शुक्रवारी फाटक उभं राहिलं. लान्सानाकाका पाटी काखेत धरूनच आले होते. सारान पुढे झाली आणि बोट हवेत उजवीकडून डावीकडे नेत वाचू लागली. मागच्या बायकांनी तिला पुरतं वाचूच दिलं नाही. सगळ्या एकदम म्हणू लागल्या, सूर चढवत, उतरवत. शियाचं लोणी काढणाऱ्या बायकांचं घर. ज्या वर्गाला गेल्या नव्हत्या त्याही ऐकून म्हणू लागल्या. काकांनी स्वतः एकदा, मग पुन्हा एकदा, अक्षरं लावत वाचून पाहिलं आणि पाटी पोराकडे देऊन घरी पाठवली.

लोक फामोरोचा हात धरून वाहवा करत होते. त्याने गर्दीत दालांदाला शोधलं. फुला बाईचे लोहाराने सरळ शब्दांत आभार मानले तर दोघांचीही लाज जाते. म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही माझी गुलाम काल कामाला होती. उलटं लागलेलं नाव हिने सरळ करून घेतलं. नसती, तर काकांचीच पाटी लागली असती."

हशा उसळला. चूक केल्याचं कबूल करणारा लोहार कुणी पाहिलाच नव्हता. दालांदाने भोपळा डोक्यावर नीट केला आणि मान ताठ केली.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" ती म्हणाली. "आता मला वाचून दाखवा काय लिहिलंय ते. माझ्या गुलामाचं काम आहे."

बायकांनी तिच्यासाठी ते पुन्हा मोठ्याने वाचलं.