हात राखून

कंपाउंडर निवृत्त झाला तेव्हा दवाखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि औषध मोजायचं काचेचं रेघांचं माप त्याने स्वतःच पिशवीत टाकलं. मागायची त्याला लाज वाटली, न विचारता घ्यायची वाटली नाही. त्याच्या लाजेची पहिल्यापासून अशीच तऱ्हा.

त्याच मापाने तो पुढे सशांना खायला घालू लागला. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये जाळीचे पिंजरे, पिंजऱ्यांत मांसासाठी वाढवायचे पांढरे ससे. दुसऱ्यांची पिल्लं मरायची, याची जगायची. का, ते तो न विचारताच सांगायचा.

"आईचं दूध तुटलेलं पिल्लू म्हणजे नुकतं हॉस्टेलला गेलेलं पोर. दिसेल ते खातं नि पोट बिघडवून घेतं. म्हणून तीन आठवडे गोळीखाद्य हात राखून घालायचं. पाच मापं खाईल तिथे चार. भूक राहिली तर वाळलं गवत आहे, हवं तितकं. तीन आठवड्यांनी हळूहळू हात सोडा, मागे पडलेलं वजन ती भरून काढतात."

शेडच्या दारावर त्याने खडूने ठळक लिहून ठेवलं होतं : हात राखून.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती भावाकडे राहायला आली. गल्ली तिला ताई म्हणायची आणि ती एकसष्ट वर्षांच्या कंपाउंडरला धाकट्या म्हणायची. राखणं हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिने भाजी वाढली की ताटाची कड दिसत नसे.

पलीकडच्या शिंप्यानेही ससे पाळले होते. एका सकाळी तो कुंपण ओलांडून आला, गळ्यातली टेप काढली आणि कंपाउंडरच्या एका पिल्लाच्या छातीभोवती गुंडाळली.

"छाती भरत नाही हो कंपाउंडर. माझ्या पिल्लाचा सदरा याला झबलं होईल. डाएटवर आहे का?"

"तीन आठवडे थांबा, मग बोला."

"तीन आठवडे कशाला? रविवारी वजनाचा काटा आणतो. दोघांची एकाच वयाची आहेत, होऊन जाऊ दे."

कंपाउंडर हसला, पण ते हसू दुपारपर्यंत टिकलं नाही. चाळीस वर्षं ज्याने दुसऱ्याचा डोस थेंबाने चुकवला नाही, तो गुरुवारी, ताई तोंडावर वर्तमानपत्र घेऊन झोपलेली बघून, शेडमध्ये गेला आणि माप काठोकाठ भरून ओतत सुटला. शुक्रवारी पुन्हा तेच. पिल्लं अशी तुटून पडली की त्याला कौतुक वाटलं.

शनिवारी ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. पोटं ढोलासारखी, खाली जुलाब. रविवार उजाडेपर्यंत चौदातली अकरा गेली. काट्याचं नाव कुणी काढलं नाही.

जनावरांचा डॉक्टर आला. "वेगळं काही घातलं होतं?"

कंपाउंडरने तोंड उघडलं, पण त्याआधीच ताई पदर मुठीत धरून म्हणाली, "मी कोबीची पानं घातली होती. दोनच. बघत होती माझ्याकडे."

तिथे त्याला बोलता आलं असतं. तो बोललाही. दाराकडे बोट दाखवून म्हणाला, "ताई, दारावर काय लिहिलंय?"

डॉक्टर पुटपुटला, "दोन पानांनी एवढं?" आणि पेनाला टोपण लावून निघून गेला.

गल्लीला एवढं पुष्कळ झालं. शिंप्याने आठवडाभरात तिचं 'कोबीताई' करून टाकलं. ती आधी हसली. मग तिने कोबी आणणं सोडलं, खाणं सोडलं. शेडमध्ये गवताची काडी उचलली तरी विचारायची, "धाकट्या, ही घालू?" त्या 'घालू'ने त्याचे कान तापायचे. दारावरचं पुसून टाकावं तर लोक कारण विचारणार. म्हणून त्याने तिला नवीन चपला आणल्या, आपला रेडिओ तिच्या खोलीत नेऊन ठेवला. ताईला वाटलं, भावाने माफ केलं. त्या रेडिओवर गाणं लागलं की हा अंगणात जाऊन उभा राहायचा.

पाच महिने असे गेले. मग पोस्टमनला ससे पाळायची हौस आली आणि तो वही घेऊन शिकायला आला. मजा बघायला शिंपीही आला. कंपाउंडरने हॉस्टेलपासून सुरुवात केली आणि हात राखण्यापाशी येऊन अडखळला.

चहा घेऊन आलेली ताई दारातूनच म्हणाली, "माझं सांग की. त्यांच्या उपयोगी पडेल." मग पोस्टमनकडे वळून, "अकरा गेली माझ्या हातून. पण हा त्यानंतर एका शब्दाने बोलला नाही मला. असा भाऊ—"

"कोबीने नाही गेली," कंपाउंडर मापाकडे बघत म्हणाला.

"मग कशाने?" शिंप्याने विचारलं.

"माझा हात सुटला. दोन दिवस काठोकाठ घातलं. तुमच्या काट्यावर भरावीत म्हणून."

शिंपी गळ्यातल्या टेपशी चाळा करू लागला. पोस्टमनने इमानाने वहीत लिहून घेतलं : काठोकाठ नको.

ताईने ट्रे पिंजऱ्यावर ठेवला. "म्हणजे पाच महिने मी कोबी खाल्ली नाही, ती उगाच?"

"हो."

"आणि दारावर काय लिहिलंय, हे तू मला विचारलंस."

"हो."

ती आत गेली. चहा कुणी प्यायलं नाही.

दुसऱ्या सकाळी शिंप्याने कुंपणावरून हाक मारली, "कोबीताई," आणि जीभ चावली. पुढेही तो रोज चावत राहिला. चिकटलेलं नाव काही निघेना. तिने सवयीने ओ दिली, आणि आत कंपाउंडरचे कान तापले.

दुपारी जेवायला कोबी होती. ताईने त्याच्या ताटात एक चमचा वाढली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. ताटाची सगळी कड दिसत होती.

"भूक राहिली तर कालचा पाव आहे," ती म्हणाली. "हवा तितका."

त्याने मान खाली घातली. पावाचा तुकडा मोडत विचारलं, "किती दिवस, ताई?"

"तीन आठवडे. मग बघू."