एकाच हाकेला ओ

कुणी हाक मारायचा अवकाश, की बाईंची ओ आलीच. हाक त्यांनाच असावी असंही काही नव्हतं. शेजारी आपल्या बकरीला बोलावू दे, नाहीतर वाटेनं जाणारा कुणी मागे राहिलेल्या जोडीदारासाठी ओरडू दे. बाई हातातलं काम टाकून परसात जायच्या आणि जंगलाकडे तोंड करून लांबलचक ‘ओ’ द्यायच्या. तोंडात घास असला तर तो गालात सारून. एकदा मोराला ओ दिली तेव्हा मला हसू आवरेना. त्याही हसल्या. “पाखरू असन त पाखरू. ओ द्याले काय जाते?” म्हणाल्या आणि पुन्हा जेवायला बसल्या.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. मी पुण्यात आर्किटेक्चर शिकत होते आणि मातीच्या घरांची रेखाटनं करायचं खूळ डोक्यात घेऊन एटापल्लीच्याही पुढच्या एका गावात जाऊन धडकले होते. मला तो परदेशच. भाषा मराठी, पण त्यांचं निम्मं मला कळायचं नाही आणि माझं बोलणं त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखं वाटायचं. एकट्या पोरीला ठेवून कोण घेणार, यावर गावात खल चालला असताना बाई पुढे झाल्या. “माह्या घरी सपरी हाये. झोपन तिथी,” एवढंच बोलून माझी पिशवी उचलून चालायला लागल्या. त्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, माझी खाट पडली ती पावसाळ्याच्या तोंडापर्यंत.

माझं काम बाईंना निव्वळ येडेपणा वाटायचा. मी टेप लावून भिंत मोजत असले की सूप पाखडता पाखडता विचारायच्या, “कालच्यापेक्षा वाढलं का वो घर?” मग लाखोळीची डाळ आणि भाताचा डोंगर पुढ्यात. “अंगावर मास नाई, अन् दुसऱ्याची घरं मोजून राह्यली.” मी नको म्हटलं की वाढणं दुप्पट व्हायचं. माझ्या आईनंही कधी इतक्या दांडगाईनं मला खाऊ घातलं नाही.

परसाचं कुंपण कागदावर काढताना एक गोष्ट खटकली. सगळ्या घरांच्या बांबूच्या कुंपणाला जंगलाच्या बाजूनं फाटक होतं. बाईंच्या कुंपणाला तिथं नुसतंच खिंडार. गुरं आत शिरून वांगी खाऊन जायची, तरी बाई तिथं काटकी लावू देत नसत. मी सहज विचारलं, इथलं फाटक मोडलं का?

“मोडलं नाई. म्याच काढलं,” म्हणाल्या. मग सूप बाजूला ठेवलं.

त्या गावात एक रीत होती. दिवेलागणीला जंगलाकडून हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माणूस असेल तर दुसऱ्यांदा हाक मारेल. जे एकदाच हाक मारतं ते माणूस नसतं आणि ओ देणाऱ्याला घेऊन जातं. अशाच एका दिवेलागणीला बाई चुलीपाशी होत्या. पोरगा सोमा मांडीवर. मोहाची फुलं वेचायला जंगलात गेलेला नवरा अजून आला नव्हता. परसाकडून हाक आली, “अवो, सोमाच्या माय.” बाई उठल्या. सासूनं हात धरला. थांब, दुसरी येऊ दे. दोघी कान देऊन बसल्या. दुसरी आलीच नाही. सकाळी तो फाटकाच्या बाहेर सापडला. अस्वलानं फाडलेला, फाटकाला हात लावून पडलेला.

“तितकाच दम उरला असन त्याच्यात,” बाई म्हणाल्या. “तो येकदाच बोलला, अन् मी आयकून बसली.”

तुमचा दोष नव्हता, असं काहीतरी पुटपुटले. बाईंनी पुन्हा सूप घेतलं. त्यानंतर त्यांच्या ‘ओ’ला मी कधी हसले नाही. उलट संध्याकाळी तो आवाज उठला की माझे कान आपोआप पलीकडच्या झाडांकडे लागायचे.

सोमा ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला होता. क्वार्टर मिळालं होतं. आईला न्यायला तो दर सुट्टीत यायचा आणि एकटाच परत जायचा. मला म्हणाला, “ताई, तुमी सांगा. तुमचं आयकन ते.” मी सांगून पाहिलं. बाईंनी शांतपणे विचारलं, “तो आला अन् घरात कोनीच नसन, त?”

पुढे बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला आणि सोमा त्यांना घेऊनच गेला. मी क्वार्टरवर भेटायला गेले तेव्हा त्या दाराशी सतरंजीवर बसल्या होत्या. निम्म्या झालेल्या. माझा हात चाचपत म्हणाल्या, “इथी कोनी हाकच मारत नाई, पोरी. घंटी वाजवते.” सून चहा घेऊन आली, सोमा डोळ्यांच्या ऑपरेशनचं बोलत राहिला. मला तिथून कधी निघते असं झालं होतं. त्याच हिवाळ्यात बाई तिथंच वारल्या.

नंतरच्या उन्हाळ्यात मी गावात गेले. घराला कुलूप होतं. सपरीत बसून राहिले. दिवेलागणीला शेजारीण कडेवर नातू घेऊन बाईंच्या परसात आली आणि जंगलाकडे तोंड करून तिनं मोठ्यानं ओ दिली. हाक कुठूनच आली नव्हती.

“कुणाला ओ दिलीत?” मी विचारलं.

“आमी पाळी लावली हाये. आज माही.” ती म्हणाली. “बाई जाताना सांगून गेली होती, त्याले ओ देत जा म्हनून.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते ना.” तिनं नातवाला पदराखाली घेतलं. “पन आता बाई बी मेली, परक्या गावात. वाट पुसत इथीच येइन ना ते? डोये अधू, थकलेली. येकदाच हाक मारन. तिले ओ द्याले नोको का कोनी?”

ती घरी गेली. मी खिंडारापाशी उभी राहिले, झाडांकडे तोंड केलं आणि बाईंना ओ दिली.