गोराईच्या मैदानावर मारेक

आमच्या पेंटबॉलच्या ग्रुपमध्ये खेळणं कमी आणि सांगणं जास्त! कपड्यांवरचा रंग एका धुण्यात निघतो हो, पण किस्सा काही निघत नाही. उलट दर चहाला तो आणखी थोडा पसरतो. त्यात यंदा मे संपता संपता मारेक आला आणि आमचा किश्श्यांचा साठा एकदम फुगला.

मारेक पोलंडचा, प्रोफेशनल खेळाडू. मैदानवाल्याच्या ओळखीने गोराईला आठवडाभर राहिला. रोज सकाळी दोन टीम त्याच्याबरोबर प्रॅक्टिस करायच्या. एक आम्ही बोरिवलीकर, दुसरी गोराई गावातली, सॅव्हियोची. जाताना मारेक या दोन टीममधला एक जण बंगळुरूच्या स्पर्धेला जोडीदार म्हणून नेणार होता. त्यामुळे मैत्रीबित्री सगळी मैदानाच्या जाळीबाहेर! मी नेहमी पहिला आउट, म्हणून बघायला मोकळा.

*

पहिल्याच दिवशी मारेक म्हणाला, "ओरडा! समोरचा कुठे लपलाय ते आपल्या माणसाला सांगा."

आम्ही ओरडलो. "तो बघ, तिकडे!" "तिकडे कुठे?" "अरे तिकडे रे!"

मारेकने मला विचारलं, "हे 'तिकडे' म्हणजे नेमकी कुठली जागा?"

म्हटलं, "कुठलीही."

त्याने कपाळाला हात लावला. मग मैदानात लपायला जे हवा भरलेले अडोसे असतात, त्या प्रत्येकाला नाव द्यायला लावलं. लांबलचक आडवा होता तो झाला पडवळ. तिकोनी होते ते समोसे. समोसा एक, समोसा दोन. बिचाऱ्याने सगळी नावं पाठ केली.

दुसऱ्या दिवशी ऐन गेममध्ये तो जीव तोडून ओरडला, "नितीन! समोसा दोन! समोसा दोन!"

आमचा नितीन उपाशीपोटी आलेला. बंदूक खाली करून सरळ उभाच राहिला. "दोन नको यार, एक बस!"

*

नियम असा, की रंगाची गोळी अंगावर फुटली तर आपणच हात वर करून बाहेर यायचं. आमचा दत्ता कदम मूळचा कुडाळचा. पाठीवर भलामोठा पिवळा डाग, आणि हा बिनधास्त खेळतोय! मारेकने त्याला थांबवलं.

"ह्यो कालचो रंग!" दत्ता म्हणाला. मी भाषांतर केलं.

मारेकने डागावर बोट टेकवलं. बोट पिवळंधमक! "कालचा आहे, तर मग ओला कसा?"

दत्ता जराही डगमगला नाही. "मगे घाम येवचो नाय? माणूस आसंय मी!"

*

याउलट मारेक. कमालीचा प्रामाणिक! एकदा तो मैदानाच्या कडेला जांभळाच्या झाडाखाली पोटावर पडून नेम धरत होता. तेवढ्यात खांद्यावर ठप्प! बघतो तर ओला जांभळा डाग. लगेच हात वर करून बाहेर.

गोराईच्या टीमने नुसता दंगा घातला. सॅव्हियो तर मुठी नाचवत धावला, "माझी गोळी! मी मारला प्रोला!" सेल्फी झाले, स्टेटस लागला, गावात दोन-चार फोनसुद्धा झाले.

मारेक शांतपणे खांदा पुसत होता. पुसता पुसता थांबला. चिमटीत काहीतरी धरून उजेडात बघितलं आणि म्हणाला, "ग्रेट शॉट, सॅव्हियो! पण तुझ्या गोळीत बी कशी?"

*

आमच्या टीममध्ये डॉक्टर मधुरा आहे. कांदिवलीत तिचा दातांचा दवाखाना. बोलणं एकदम मऊ, नेम एकदम जहरी! सॅव्हियोची अक्कलदाढ तिनेच काढलेली.

एकदा तिने त्याला जवळून मांडीवर मारलं. तो एका पायावर नाचायला लागला. ही मास्कच्या आतून गोड आवाजात विचारते, "दुखलं का रे?"

सॅव्हियो कळवळून म्हणाला, "डॉक्टर, तिकडे निदान आधी भूल तरी देता!"

*

शेवटच्या दिवशी मॅच. मारेक स्वतः अंपायर. शेवटपर्यंत टिकेल तो बंगळुरूला जाणार. एकेक जण गळाला आणि उरले दोघंच, मधुरा आणि सॅव्हियो.

सॅव्हियोला जायचंच होतं. अख्ख्या गावाला सांगून झालं होतं, बॅगही भरलेली. तो असा काही लपला होता की मधुराला पत्ताच लागेना. ती दबकत दबकत भलत्याच बाजूला निघालेली. जाळीबाहेर आम्ही सगळे जाळीला नाक लावून उभे.

माझ्या शेजारी सॅव्हियोची आई, फिलोमिनामावशी. त्यांची शेतवाडी मैदानाला लागूनच. हातातलं काम टाकून त्या बघत होत्या. मग दोन्ही हात तोंडाशी धरून खणखणीत हाक मारली,

"सॅव्हियोऽऽ! त्या निळ्या फुग्याच्या मागं काय बसलास? जेवायला चल!"

मधुरा गर्रकन वळली. ठप्प!

निळ्या अडोशामागून सॅव्हियो उठला. छातीवर भगवा डाग. "मम्मीऽऽ!" ही आरोळी खाडीपलीकडे गेली असणार!

सगळ्यांनी मारेककडे बघितलं. त्याने बराच विचार केला. "नियमात," तो म्हणाला, "आईबद्दल काहीच नाही." आणि मधुराचा हात वर केला.

मधुरा ओशाळून जाळीपाशी आली. "सॉरी हं मावशी. मला असं जिंकायचं नव्हतं."

मावशींनी ओल्या मातीचे हात लुगड्याला पुसले.

"असू दे गं पोरी. तू जाऊन ये नीट. आमची पुढच्या आठवड्यात पेरणी आहे."