इटलीला सोबत

पलूसच्या शाळेत मी भूगोल शिकवते. नकाशातल्या इटलीच्या बुटावर पट्टी आपटून ‘हे काय?’ असं पोरांना विचारण्यात माझी सगळी नोकरी गेली. स्वतः मात्र गोव्याच्या पलीकडे कधी गेले नाही. लग्न केलं नाही, घरात मी एकटीच, तेव्हा अडवणारं कुणी नव्हतं. सोबत येणारंही कुणी नव्हतं, हीच खरी गोम.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत जायचंच असं ठरवून सांगलीत एका टूरवाल्यांचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या मुलीनं पहिलाच प्रश्न केला, “मॅडम, सोबत कोण?” एका खोलीत दोघी, अशी त्यांची पद्धत. एकटीला वेगळी खोली मिळते, ती मला परवडतही होती. पण परक्या मुलखात सकाळी टेबलावर एकटीनं ब्रेड चावत बसायचं आणि आजूबाजूला जोडपी एकमेकांचे फोटो काढतायत, हे चित्र काही मला बघवेना. एकटीनं जेवायचा सराव घरी पुरेसा होतो.

माझी थोरली बहीण म्हसवडला दिली आहे. तिला फोन लावला. दुबईला लेकाकडे जाऊन आल्यामुळे पासपोर्ट तिच्याकडे होता. दाजी नको म्हणतील, ती आढेवेढे घेईल, असं धरून मी उत्तरं तयार ठेवली होती. ती तशीच राहिली. “येती की! त्यात काय इचारायचं?” आक्का म्हणाली.

मग रोज संध्याकाळी फोन. व्हेनिसमध्ये गल्लीतनं होड्या चालतात म्हटल्यावर ती म्हणाली, “म्हंजी शेजारणीकडं इरजण मागायला बी होडीतनंच?” शेंगदाण्याची चटणी कुणी करायची, कडक भाकरी किती न्यायच्या, यावर आमची भांडणंसुद्धा झाली. शाळा सुटली की मला घरी जायची घाई होऊ लागली. असं कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

बुकिंग पक्कं करायच्या आदल्या दिवशी मी तिला निघायची तारीख सांगितली. “तारीख ऱ्हाऊ दे, तिथी कंची ते सांग.” भिंतीवरचं कॅलेंडर बघून मी म्हणाले, “पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी.” “आगं, माजं नवरात्र!” आक्का म्हणाली.

म्हसवडला सिद्धनाथाचं उभं नवरात्र पाडव्याला सुरू होतं. ते धरणारी माणसं बारा दिवस, पार तुळशीच्या लग्नापर्यंत, खाली बसत नाहीत. खाणंपिणं उभ्यानं, झोपही कशाला तरी टेकून उभ्यानंच. आक्का ते दरवर्षी धरते. मला हे माहीत होतं, तिला तर होतंच. इंग्रजी तारखांच्या नादात मी विसरले, आणि ती हरखून विसरली असावी. नवरात्र उठल्यावर निघावं, तर माझी सुट्टी संपत होती.

“एक वरीस धरू नगंस,” मी म्हणाले. “पाय बघ कसं सुजत्यात. देव काय हजेरी घेतोय व्हय?” मी तोंडाची फटकळ, आणखीही बरंच बोलले. “पोरं मार्गाला लागली, घरदार हाय. आता कुणासाठी उभी ऱ्हातीस?”

“तुज्यासाठी,” ती म्हणाली.

माझं लग्न जमावं म्हणून तिनं नवस केला होता. लग्न काही जमलं नाही, पण तिचं उभं राहणं सुरूच राहिलं. “तू एकटी ऱ्हातीस. काय झालं तर कोन हाय तुज्याजवळ? म्हनून नाथाला सांगून ठिवलंय, हिच्याकडं बघ.” मग म्हणाली, “यंदा सोडलं आन् तिकडं तुला काय झालं म्हंजी?”

मला रडू आलं, आणि तिचा रागही आला. मी एकटी म्हणून ती उभी राहणार, आणि ती उभी राहणार म्हणून मी एकटी जाणार. हे तिला कसं सांगायचं ते कळेना. दुसऱ्या कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन एकटीची खोली सांगितली. काही अडचण आली तर कळवायला म्हणून त्या मुलीनं घरच्या कुणाचा तरी नंबर मागितला. मी आक्काचा दिला.

“तिकडे संध्याकाळ असते तेव्हा इथे रात्र झालेली असते, मॅडम. उशिरा फोन केला तर चालेल ना? झोपल्या असतील त्या.”

“करा,” मी म्हणाले. “ती उभीच असेल.”