पटावरची मधली जागा

फिटरकाका कशातही पहिले होत नसत. समोरचा 'रामराम' म्हणाला की मग यांचा रामराम. चहाला बसलो की मी कपात किती साखर टाकते ते बघायचे, आणि तेवढीच स्वतःच्या कपात टाकायचे. काकू चिडायच्या, "तुमाले सोताची जीभ नाई काय?" काका शांतपणे सांगायचे, "पहिले चालते त्याची चूक आपल्याले फुकटात दिसते."

हिंगणघाटच्या एका कापडगिरणीत ते फिटर होते. यंत्रं बसवायला आलेल्या जपानी साहेबाकडून ते 'गो' शिकले. प्लायवूडवर एकोणीस उभ्या आणि एकोणीस आडव्या रेघा. काळ्या गोट्या म्हणजे चिंचोके, पांढऱ्या म्हणजे वणा नदीच्या पात्रातल्या गारगोट्या. आळीपाळीने गोट्या मांडून जागा घेरायची. आमच्या मोहल्ल्यात हा खेळ दोघांनाच यायचा, त्यांना आणि मला.

पहिली खेळी काळ्याची, म्हणून पांढऱ्या कायम त्यांच्याकडे. मी या कोपऱ्यात चिंचोका ठेवला की त्यांची गारगोटी बरोबर तिरप्या समोरच्या कोपऱ्यात. मी चुकेपर्यंत नक्कल चालायची, मग एकच गोटी वेगळी पडायची आणि मी हरायचे. एकदा मी पटाच्या मधोमध ठेवायला गेले, तर त्यांनी हात धरला. "कोपऱ्यात दोन भिंती आयत्या भेटते. मधात चारही बांधा लागते. मधात जाऊ नको." मी ऐकलं.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शेवटच्या वर्षी नागपूरला 'गो'च्या राज्य संघाची निवड होती. निवड होऊनच येते, असं घरी ठणकावून सांगून गेले. शेवटच्या डावात मला पांढऱ्या गोट्या आल्या. मी काकांसारखीच नक्कल सुरू केली. दहाबारा गोट्या झाल्या आणि समोरच्या मुलीने एक नेमकी मधोमध ठेवली. "अब इसकी कॉपी कहाँ रखोगी?"

त्या जागेला जोडीच नाही. आता स्वतःच्या डोक्याने खेळायचं होतं, आणि तेवढंच मला शिकवलेलं नव्हतं.

गाडीतून उतरले ती थेट काकांकडे.

"मधली जागा तुमाले मालूम होती?"

"होती. सायबानं मले तिथंच हरवलं होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

ते गारगोट्या पुसत राहिले. "सांगतलं असतं तं तू आठ दिवसांत मले हरवलं असतं. मंग कायले आली असती इथं?"

चार वर्षं मी त्यांना गुरू समजत होते. त्यांना फक्त रोज कोणीतरी यायला हवं होतं. निघताना म्हणाले, "उद्या येजो." मी हो म्हणाले आणि गेले नाही. नंतरही नाही.

आता मी देवळीला गणित शिकवते. परवा हिंगणघाटच्या बसस्टँडवर काकू भेटल्या. "एकटेच खेळून राह्यले आता, दोन्हीकडून. येजो माय एखाद्या दिवशी."

माझी बस लागली, असं सांगून मी निघाले. बस लागली नव्हती.