मामाचं इन्सुलिन आणि व्हॅनमधला फ्रीज: जानेफळ ते सोनाळा

मामीनं अट घातली तेव्हा माझ्या तोंडात पोह्यांचा घास होता, म्हणून मी नुसती मान हलवली आणि फसलो.

अट अशी: मामांना दोन रात्री बाहेर न्यायचं तर ने, पण इन्सुलिन गरम होता कामा नये. रोज संध्याकाळी सहाला ती फोन करणार, मी फ्रीजवरचा आकडा सांगायचा. दोनच्या खाली नको, आठच्या वर नको. आकडा चुकला की त्याच पावली घरी, आणि पुन्हा जायचं नाव काढायचं नाही.

भगवानमामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. जानेफळातच राहतात, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. वीस वर्षं त्यांनी ट्रक चालवला, सातपुड्याच्या पायथ्याची संत्री भरून कुठं कुठं नेली. मग साखर लागली, दिवसातून दोनदा सुई आली, सुईचं औषध घरच्या फ्रीजमध्ये राहायचं म्हणून मामाही घरीच राहिले. चार वर्षांत एक रात्र बाहेर नाही. लग्नाला गेले तरी संध्याकाळच्या गाडीनं परत. आता स्टँडवर बसतात आणि जाणाऱ्या ट्रकचे नंबर वाचतात. मला ते बघवत नव्हतं. माझं शिक्षण बारावीत दोनदा अडकलं ते तिथंच राहिलं, त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर. एक जुनी व्हॅन आहे, मागच्या सीट काढून झोपायची सोय केलेली. कमी होती ती फ्रीजची.

तो अकोल्याच्या एका फोटोग्राफरकडून जुना मिळाला, बारा हजारात. तीस लिटरचा, बारा व्होल्टवर चालणारा, कॉम्प्रेसरचा. घेणाऱ्यांनी एवढं बघाच, की आत कॉम्प्रेसर आहे का. दोन-तीन हजारात मिळतात ते नुसते पंख्याचे डबे असतात, बाहेर त्रेचाळीस असेल तर आत पंचवीसच्या खाली येत नाहीत. दही ठेवायला ठीक, औषधाला नाही.

पहिल्या रात्री दारातच तालीम केली. गाडीतल्या चार्जरच्या भोकात पिन लावली, चावी काढली, फ्रीज बंद. म्हणून सरळ गाडीच्या बॅटरीला जोडला. रात्रभर मस्त चालला, सकाळी गाडी चालू होईना. स्टँडवरच्या चौघांनी ढकलली. त्यातला एक मागून विचारतो, "फ्रीज घेऊन कुठी चालला बे? कुल्फी इकतं का?"

मामा समोरच्या सीटवर बसून हसत होते. ढकलणाऱ्यांना खाली उतरू का एवढंही विचारलं नाही.

पहिला दिवस

एप्रिलचा महिना, म्हणून सहालाच निघालो. गाडी चालत असेपर्यंत फ्रीज चार्जरवर नीट चालतो. आकडा चार. आत इन्सुलिनच्या तीन बाटल्या, स्टीलच्या डब्यात, खाली फडकं. मामा दर पाच मिनिटांनी मागं वळून आकडा बघत होते, जसं ट्रकमध्ये आरशात बघायचे.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्याला दोन हवा आहेत: घाटावरची आणि घाटाखालची. जानेफळ घाटावर. तिथून उतरून खामगावच्या बाजूला आलं की खिडकीतून येणारा वारा वारा राहत नाही, तव्याची वाफ होते. रस्ता तसा चांगला आहे, मधे मधे काम चालू आहे तिथं धूळ खायची तयारी ठेवा.

खामगावला सलीमभाईकडे थांबलो. ट्रकच्या वायरिंगचं काम करतो, मामांना जुना ओळखतो. त्यानं सीटमागे दुसरी बॅटरी बसवून दिली. एका गिऱ्हाइकाच्या इन्व्हर्टरमधून निघालेली, अर्धा दम राहिलेली, परत आणून द्यायच्या बोलीवर. मी घरच्या इन्व्हर्टरची आणणार होतो, पण आई म्हणाली की मग लाइट गेल्यावर आम्ही पदरानं वारा घ्यायचा का. दोन्ही बॅटऱ्यांच्या मधे रिले टाकला, म्हणजे इंजिन चालू असलं की दोन्ही भरतात आणि बंद झालं की वेगळ्या होतात. फ्रीजनं मागची कितीही खाल्ली तरी गाडी चालू होणार. वायर जाड, वेल्डिंगच्या केबलची, बॅटरीजवळ फ्यूज, आणि मागची खिडकी कायम उघडी, कारण असली बॅटरी वास सोडते. रिले, केबल, मजुरी धरून नऊशे.

जाताना त्यानं बोनेटवर हात ठेवला. "भगवानदादा, एक ध्यान ठेवजा. हे थंड्याले थंडं ठेवणारी मशीन आहे. गरमाले थंडं कराले लावान त बॅटरीचा दम सुटन."

मामा हाव हाव म्हणाले.

इथून सरळ शेगावला जायचं होतं. पण चौकात ‘पिंपळगाव राजा’ अशी पाटी दिसली आणि मला वाटलं, ज्या गावाच्या नावातच राजा आहे ते एवढ्या जवळ येऊन कसं सोडायचं? मामा म्हणाले तिथं काय आहे, मी म्हणालो तेच बघायचंय. मोठं गाव आहे, शेतकऱ्यांचं, बाजाराची गल्ली लांबलचक. राजा काही भेटला नाही. चहा चांगला मिळाला, कडक आणि आलं ठेचून. गावाबाहेर एका शेतावर टरबुजांचा ढीग होता. मालकानं मामांशी दोन मिनिटं बोलून एक असंच दिलं, आणि मामांनी ते अर्धं कापून फ्रीजमध्ये ठेवलं. उन्हात तापलेलं टरबूज. मी बघितलं आणि वरून झाकण लावून टाकलं. मलाही थंड टरबूज हवं होतं.

शेगावची कचोरी खाल्ली, मामांनी अर्धीच, उरलेली मला दिली आणि मी खाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिले. मग खिरोड्याच्या पुलावरून पूर्णा ओलांडली. हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीला, बोअरला पाणी लागतं पण खारं, साबणाला फेस येत नाही आणि चहाची चवच जाते. वरवट बकालला एका पंक्चरच्या दुकानासमोर मामांनी गाडी थांबवायला लावली. आतला माणूस हातातली ट्यूब तशीच घेऊन बाहेर आला. "भगवान? जित्ता हायेस का बे?" मामांचा चेहरा मी चार वर्षांत असा बघितला नव्हता.

सोनाळ्याच्या पुढे वासुदेवभाऊंचं शेत आहे, सातपुडा सुरू होतो तिथं. मामा यांचीच संत्री भरायचे. पुढचं जंगल अभयारण्याचं, त्याच्या हद्दीत तंबू लावता येत नाही, परवानगी लागते, त्यामुळे ओळखीच्या शेतात थांबणं सगळ्यात बरं. आंब्याखाली व्हॅन लावली. बरोबर सहाला मामीचा फोन. हॅलो नाही, जेवलात का नाही.

"आकडा?"

"पाच."

फोन बंद.

दुसरा दिवस

सकाळी आकडा पाचच होता. मामांनी सुई घेतली, भाकरी खाल्ली, खाट आंब्याखाली ओढली. मला सांगितलेलं काम एकच, फ्रीजपाशी राहायचं. पण वासुदेवभाऊ म्हणाले की वर नाल्यात एक डोह आहे, एप्रिलमध्येही आटत नाही. तासाभरात येतो म्हणून गेलो. डोह चांगला आहे, मासे पायाला चावे घेतात, त्यांच्या नादात बारा वाजले.

परत आलो तर व्हॅनभोवती लुगडी वाळत घातल्यासारखी बायकांची गर्दी. शेजारच्या शेतात कांदा काढायला पूर्णेकाठच्या गावातून मजुरांचा टेम्पो आला होता. सगळ्यांच्या कॅनमध्ये घरचं खारं पाणी, तेही तापलेलं. कुणीतरी मामांकडे पाणी मागितलं, मामांनी फ्रीजमधली आपली पिण्याच्या पाण्याची बाटली काढून दिली. मग दुसरीनं मागितलं. बाटली रिकामी झाली की मामा वासुदेवभाऊंच्या विहिरीचं पाणी भरून परत आत ठेवत होते. झाकण उघड, बंद, उघड. फ्रीजमध्ये अकरा बाटल्या, अर्धं टरबूज, आणि तळाशी तो स्टीलचा डबा. सकाळपासून गरम पाणी थंड करत करत बॅटरी संपली होती आणि झाकणावर लाल दिवा लुकलुकत होता.

आकडा चौदा.

बायका गेल्यावर मामा खाटेवर बसले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "ट्रक बंद पडला का याइच्याच गावातून हांडा यायचा मले. गोड्या पाण्याचा, कुठून कुठून आनलेला. मी नाई कसं म्हनू?"

मेडिकलवाल्याला फोन केला. तो म्हणाला चौदावर दोन-चार तासांनी औषध बिघडत नाही, पण आणखी तापू देऊ नका. इंजिन चालू करून बघितलं, उभ्या गाडीत बॅटरीत फारसं काही जात नाही, उलट वीस मिनिटांत इंजिनच तापून त्याचा काटा वर सरकला. बंद केली. वरवट बकालच्या मेडिकलमध्ये नेऊन ठेवता आलं असतं, पण मग मामाही औषधामागे तिथूनच घरी, हे दोघांनाही कळत होतं.

मी म्हणालो, मामीचा फोन सहाला येईल, तोवर काहीतरी करू. तिला कळणारही नाही.

मामांनी फोन हातात घेतला. "वीस वर्सं तिले खोटं सांगतलं. अकोल्यात राहून म्हनायचो, घाट चढून राह्यलो. आता या सुईपायी नाई सांगत." आणि त्यांनी स्वतःच लावला.

"चौदा झाला," एवढंच बोलले. फोन स्पीकरवर होता.

"पानी वाटलं असन तुमी."

"हाव."

"किती जनाइले?"

"वीस-पंचवीस असतीन."

"पुरलं का सगळ्याइले?"

मामा म्हणाले पुरलं. मग मामी म्हणाली की भर उन्हात गाडी काढू नका, औषधही भाजेल आणि तुम्हीही. सहापर्यंत वाट बघते. आठच्या आत आला तर राहा. नाही तर गाडी काढायची, आणि पुढचं मी सांगायला नको.

हातात साडेपाच तास होते.

पहिलं काम, सगळ्या बाटल्या आणि टरबूज बाहेर. वासुदेवभाऊ तोवर बांधावर जाऊन उभे होते. त्यांच्या मक्याला रानडुकरांसाठी झटका मशीन आहे: शेताभोवती तार, बारा व्होल्टची बॅटरी, वर सोलरची पाटी. आमच्याकडे बांधाबांधावर दिसते. "झटका रातचा लागते," ते म्हणाले. "दिवसा हे नुसतं ऊन खाते." त्यांनी बॅटरी आणि पाटी दोन्ही उचलून आणल्या. पाटी व्हॅनच्या टपावर टाकली, चिमटे लावले, आणि फ्रीज गुरगुरला.

मामांनी कमरेचा दुपट्टा सोडून फ्रीजभोवती गुंडाळला आणि दोन गाठी मारल्या. म्हणाले, माझा हात पुन्हा झाकणाकडे गेला तर आधी गाठी सोडाव्या लागतील, तोवर अक्कल येईल.

आम्ही तिघं समोर बसलो. पंधरा झाला. पंधराच. चौदा. आंब्याची सावली सरकली तशी मी पाटी सरकवत होतो. बारा. टरबूज कोमट होऊन गेलं, तेच खाल्लं. तीन वाजता अकरा. साडेचारला दहा. पावणेपाचला नऊ, आणि तिथंच अडकला.

वासुदेवभाऊ म्हणाले, आज राहू दे बॅटरी. पण मामा आधीच चिमटे काढत होते. दिवस कलला की डुकरं उतरतात, हे त्यांना माहीत होतं. "तुया मका खाल्ला त मी कोनत्या तोंडानं इथं येऊ?" बॅटरी आणि पाटी आम्ही बांधावर नेऊन जागच्या जागी बसवून दिली. तार टुकटुक वाजायला लागली.

राहिली सलीमभाईची रिकामी बॅटरी. ऊन उतरलं होतं, म्हणून व्हॅन काढली आणि सोनाळ्याच्या रस्त्याला लागलो. चालत्या गाडीत रिले लागला, फ्रीज सुरू. मामा पूर्ण मागे वळून बसले होते, दुपट्ट्याच्या फटीतून बघत. एका चहाच्या टपरीसमोर इंजिन चालू ठेवून उभा राहिलो तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. फोन वाजला.

मामांनी आधी मला आकडा वाचायला लावला, मग स्वतः वाचला, मग बोलले.

"सात."

पलीकडे भांड्याचा आवाज आला. "मंग जेवा आता टायमावर," मामी म्हणाली.

त्या टपरीवर मामांनी बिनसाखरेचा चहा दोन कप घेतला. शेताकडे परतताना एखादी संत्र्याची बाग दिसली की तिच्या मालकाचं नाव सांगत होते, त्याच्या बापाचंही. रस्त्यात भरलेल्या बॅटरीवर फ्रीजनं रात्र काढली, सकाळी आकडा आठच्या आतच होता.

तिसरा दिवस आणि घर

परतताना पिंपळगावकडे वळलो नाही. सलीमभाईला बॅटरी दिली, त्यानं तिला मीटर लावून बघितला आणि मामांकडे बघितलं. मामा म्हणाले चहा सांग. सगळा पेट्रोलचा खर्च अडीच हजारांच्या आत.

जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. दुसरी बॅटरी, रिले, जाड वायर हे तर हवंच. जे ठेवाल ते घरूनच थंड करून आणा. एका जागी दोन दिवस थांबणार असाल तर सोलरची पाटी घ्या, मी शंभर वॅटची बघतोय. आणि पिण्याचं पाणी औषधाच्या फ्रीजमध्ये ठेवूच नका. आपल्याकडे एप्रिलमध्ये कुणी पाणी मागितलं तर झाकण उघडलं जाणारच.

हे शेवटचं मी मामीलाही सांगायला गेलो होतो, पण तिनं माझ्या आधीच त्यावर उपाय काढला होता. माळ्यावरून तिनं मामांच्या ट्रकची छागल खाली आणली होती, ती जाड कापडाची पिशवी, पाणी भरून गाडीला टांगली की वाऱ्यानं आपोआप गार होते. चार वर्षांची धूळ झटकली, पाणी भरलं आणि व्हॅनच्या आरशाला अडकवली. तोंडाशी शिवण उसवली होती, अंगणात थेंब पडत होते.

"फ्रीज सुईचा," ती म्हणाली. "हे लोकाइचं."

मामा दारात उभे होते, कमरेचा दुपट्टा अजून फ्रीजलाच बांधलेला होता. मामीनं गळती कुठून आहे ते बोटानं चाचपून बघितलं आणि त्यांच्याकडे न बघता विचारलं, तिकडची संत्री कधी निघतात.

मामा म्हणाले, दिवाळी झाल्यावर.

"मंग तवरलोक शिवून आना हे," मामी म्हणाली आणि छागल त्यांच्या हातात दिली.