पाजायला चालते ना, मॅडम?

मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त माल साठतो तो किश्श्यांचा. औषधांची एक्स्पायरी झाली तर कंपनी परत तरी घेते, हे कोण घेणार? देवरीत बसस्टँडजवळच्या एका मेडिकलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. दुकान शेठचं, भिंतीवरचं सर्टिफिकेट माझं. शेठ आधी सिमेंट विकायचे. मला सिमेंटमधलं जेवढं कळतं, तेवढंच त्यांना औषधातलं.

माझे सगळ्यात भारी किस्से मात्र अशा गिऱ्हाइकाचे, जे सहसा दुकानात येतच नाही. ते म्हणजे अंगावर पाजणारी बाई. डोकं तिचं दुखतं, येतो नवरा. सर्दी तिला होते, येते सासू. मला बघायचं असतं एवढंच, की गोळीपायी त्या लेकराच्या दुधात भलतंसलतं उतरू नये, आणि उगाच भीतीपायी त्याचं दूध तुटूही नये. एवढ्याशा गोष्टीसाठी रोज पोलिसासारखी चौकशी करावी लागते!

*

एक जण गाडी चालूच ठेवून उतरला. "मॅडम, डोकेदुखीची गोळी द्या."

"कोणाचं दुखतंय?"

"माह्यंच."

"बीपी, अॅसिडिटी काही आहे?"

"काही नाई जी. एकदम फिट आहो."

मी अॅस्पिरिन दिली. गडी गाडीपर्यंत गेला, परत आला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "अन् खाल्ल्यावर लेकराले पाजलं तं चालते ना?"

"तुम्ही पाजता?"

कानापर्यंत लाल झाला बिचारा! अॅस्पिरिन परत घेतली, पॅरासिटामॉल दिली. लाज ह्याला, आणि पाजणाऱ्या बाईला न चालणारी गोळी जाणार होती ह्याच्या बायकोच्या पोटात.

*

गोंदियाचे एक साहेब हायवेवर कार थांबवून आले. "मैडम, वाइफ को बुखार है. बच्चा दूध पीता है. छोटे बच्चों वाले ड्रॉप्स दे दो."

"बुखार तो वाइफ को है ना?"

"हां. लेकिन वो बच्चों वाली दवा लेगी, तो दूध में भी बच्चों वाली ही जाएगी ना?"

मी ड्रॉप्सची इवलीशी बाटली त्यांच्यासमोर ठेवली. मग सांगितलं, साधी पॅरासिटामॉलची गोळी पाजणाऱ्या बाईला चालते, आणि ड्रॉप्सनी मोठ्या माणसाचा ताप उतरवायचा तर बाटलीच प्यावी लागेल.

"रिस्क कौन ले, मैडम!" साहेब ड्रॉप्स घेऊन पाणी आणायला गेले.

बायको कारमध्ये कपाळाला हात लावून बसली होती. तापामुळे की नवऱ्यामुळे, कोण जाणे. मी खिडकीतून गोळ्यांची पट्टी दिली. तिने ती नवरा यायच्या आत पर्समध्ये टाकली.

*

मग मी बोर्डच लावला. "बाळाला अंगावर पाजत असाल तर औषध घेण्याआधी सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यावर कॅलेंडर! शेठ म्हणाले, "दुकानात बायामाणसं येतात, मॅडम. बरं दिसत नाही."

"अहो शेठ, त्यांच्यासाठीच लावलाय!"

"तेच तं म्हणतो."

*

बाजाराच्या दिवशी चिचगडकडची एक बाई आली. लेकरू पाठीशी बांधलेलं, दुकानात ही गर्दी. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोकला आहे. लेकराले पाजून राहिली. झोपेचं औषध नोको देऊ. दुधातून यालेबी गुंगी येते."

चार वर्षांच्या कॉलेजात मला जे शिकवलं, ते हिनं चार वाक्यांत सांगितलं! नमस्कारच करावासा वाटला.

मागे एक सफारीवाले गृहस्थ पुटपुटले, "या लोकांना काही लाजच नाही."

मग त्यांचा नंबर आला. काउंटरवर ओणवं होऊन, इकडेतिकडे बघत, त्यांनी 'ताकदीच्या' गोळ्या मागितल्या.

मी पण गर्दीला ऐकू जाईल असंच विचारलं, "किती दिवसांपासून त्रास आहे, काका?"

*

हा पुढचा सांगताना अजून अंगावर काटा येतो. मी दोन दिवस सुट्टीवर होते. परत आले, तर एक आजी सर्दीच्या गोळ्यांचा रिकामी पट्टी नाचवत हजर.

"लय भारी गोळी आहे, बाई! सून खाऊन राहिली अन् नातू रडतच नाई. निस्ता झोपूनच राहते. आनखी एक पत्ता दे."

ती पट्टी शेठनी दिली होती, सून पाजते का हे न विचारता. त्या गोळीत गुंगी आणणारं औषध असतं, ते दुधातून लेकरालाही जातं. आणि नाक सुकवणारं जे असतं, ते दूधही आटवतं. आजीला तिथेच बसवलं, तिच्या मुलाला फोन केला, लेकरू सरकारी दवाखान्यात पाठवलं. नशीब, वेळेत गेलं. गोळ्या बंद केल्या आणि पोरगं शुद्धीवर आलं.

चार दिवसांनी आजी पुन्हा आली. कपाळावर आठ्या. "काय करून ठेवलं वं? किती गुणी होता! आता दिवसभर रडून राहते."

शेठ म्हणाले, "गिऱ्हाईक तुटलं ना, मॅडम."

*

आता माझाच. मुलगा चार महिन्यांचा होता, मी नुकतीच कामावर जायला लागले होते. सकाळी ताप वाटला म्हणून सासूबाईंसमोर पॅरासिटामॉल घेतली. त्यांनी मांडीवरून मुलगा उचलूनच घेतला.

"आता पाजू नोको. गोळी दुधात उतरते."

"आई, ही चालते. मी दिवसभर लोकांना हेच तर सांगते."

"लोकाईले सांग. हा माहा नातू आहे."

तिकडे तो भुकेनं आकांत करतोय, इकडे माझा ब्लाउज भिजतोय, आणि सासूबाई गाईच्या दुधात पाणी घालताहेत. शिकून काय उपयोग, असं वाटून मला रडूच आलं. तशीच दुकानात गेले.

तासाभरात दुकानाचा फोन वाजला. शेठनी स्पीकर लावला. आवाज ओळखीचा!

"काऊन जी भाऊ, तापाची गोळी खाल्ली तं लेकराले पाजाले चालते का?"

शेठनी फोनवर हात ठेवला. "मॅडम, चालते का?"

"चालते. आत्ताच्या आत्ता पाजायला सांगा!"

शेठनी घसा खाकरला आणि फोनमध्ये भारदस्त आवाजात म्हणाले, "चालते. आत्ताच्या आत्ता पाजायला सांगा."

मी तशीच घरी पळाले. सासूबाई मुलाला घेऊन दारातच उभ्या होत्या. त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"घे, पाज. मेडिकलवाल्यानं हो म्हटलं."